विश्वास नावाचा पिवळा

आमच्या कंपनीत वजनकाटे बनतात. दुकानात ठेवायचे छोटे, गोदामातले मोठे, आणि ज्यांच्यावर ट्रक उभा करतात ते त्याहून मोठे. मी काटे बनवत नाही. मी कंपनीची वेबसाइट सांभाळतो, आणि त्यातही मुख्यतः नोकऱ्यांचं पान. कुठली जागा रिकामी आहे, काय यायला हवं, अर्ज कसा करायचा, एवढंच त्या पानावर असतं. सोळा वर्षं ते पान पांढरं होतं आणि अक्षरं काळी होती. लोक यायचे, वाचायचे, अर्ज करायचे. दिसायला कसं आहे याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

मग मनुष्यबळ अधिकारी बाईंचं पद बदलून टॅलेंट प्रमुख झालं. कारखान्यात सगळे त्यांना टॅलेंटबाई म्हणायला लागले आणि बाईंना कामाची खाज सुटली. त्यांनी छोट्या साहेबांना, म्हणजे मालकांच्या पुतण्याला, पटवून दिलं की आपल्याकडे चांगली माणसं टिकत नाहीत, कारण आपलं पान दिसायला उदास आहे. जोडणी विभागात बारा बारा तास उभं राहावं लागतं, उन्हाळ्यात चारपैकी तीन पंखे बंद असतात, पण माणसं पळतात ती पानाच्या रंगामुळे. छोट्या साहेबांना पटलं. त्यांना पटवायला फार लागत नाही. शेवटचं कोण बोललं तेवढं बघायचं.

बाहेरून एक सल्लागार आणला. तिशीचा माणूस, पायात मोजे नाहीत. कुठलंही पान समोर आलं की तो खुर्ची मागे सरकवायचा, मान तिरकी करायचा आणि डोळे बारीक करून बघायचा. "असं बघितलं की अक्षरं विरघळतात, सर. फक्त रचना उरते," असं त्याने मला समजावलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव किलकिले ठेवलं. पुढे तोंडातूनही एकदोनदा गेलं. त्याला वाटलं मी कौतुक करतोय.

तीन आठवडे नुसता पिवळा चालला होता. मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीवर पिवळ्याच्या सोळा पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. ऊब, झेप, सकाळ, आपलेपणा, विश्वास. मला सोळांतले चार वेगळे दिसले, बाकीचे बारा एकच होते. छोटे साहेब पंधरा मिनिटं पट्ट्यांसमोर उभे राहिले, हनुवटी धरून.

"मला ऊब आणि विश्वास यांच्या मधलं काहीतरी हवंय," ते म्हणाले.

किलकिल्याने ते वहीत लिहून घेतलं. असली वाक्यं लिहून घ्यायला माणूस ठेवतात हे मला पन्नाशीत कळलं. शेवटी विश्वास ठरला. मी त्या रंगाचा क्रमांक थीममध्ये टाकला, सहा अक्षरं, आणि सगळं पान पिवळं झालं. आमच्या कंपनीत विश्वास यायला एवढंच लागलं.

मग बटण. आधी त्यावर 'अर्ज करा' लिहिलेलं होतं. ते त्यांना रुक्ष वाटलं. कोपरे गोल केले, रंग विश्वास केला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, 'चला, सोबत वाढूया'. मी म्हणालो की पिवळ्यावर पांढरं दिसत नाही, बाहेर उन्हात मोबाइलवर तर अजिबात नाही.

टॅलेंटबाई म्हणाल्या, "आपल्याला हवे असलेले लोक उन्हात नसतात."

मी गप्प बसलो. तेव्हा माझी बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि मी बऱ्याच गोष्टींवर गप्प बसत होतो.

ती याच कंपनीत होती, तपासणी विभागात, एकोणीस वर्षं. तयार झालेला काटा तिच्या टेबलावर यायचा. ती त्यावर प्रमाणित वजन ठेवायची, आधी मधोमध, मग चारही कोपऱ्यांवर. पाचही ठिकाणी आकडा सारखा आला तर हिरवा कागद, नाही तर लाल. मधोमध सगळेच काटे खरं बोलतात, लबाडी कोपऱ्यात कळते, असं ती म्हणायची. त्या वजनांना उघड्या हाताने शिवायचं नसतं, घामाने फरक पडतो, म्हणून हातात पांढरे सुती मोजे. घरी आली तरी बोटं कोरडी पडलेली असायची. बस, हे तिचं काम. तिने ते नीट केलं.

तर पिवळ्यानंतर बॅनर आला. बॅनर म्हणजे पानाच्या माथ्यावरचा आडवा फोटो. 'खरी माणसं हवीत,' असं किलकिल्याने सांगितलं आणि कंपनीच्या जुन्या फोटोंचं सगळं भांडार उपसलं. एका गुरुवारी सकाळी त्याने मीटिंगच्या भिंतीवर एक फोटो लावला, सहा फूट रुंद. त्यात माझी बायको हसत होती.

मी तो फोटो आधी कधी पाहिलेला नव्हता. काढला तेव्हा मात्र तिथेच होतो. चार वर्षांपूर्वी माहितीपुस्तिकेसाठी फोटोवाला आला होता आणि मला पकडून पांढरा तक्ता धरायला उभं केलं होतं, तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. फोटोवाला "हसा, हसा" म्हणत होता आणि ती हसत नव्हती. सांगून हसायची तिला सवय नव्हती. वीस मिनिटांनी माझे हात भरून आले, तक्ता निसटला आणि माझ्याच डोक्यावर आपटला. ती म्हणाली, "घरी पडदा लावतानाही हेच." आणि हसली. पुस्तिकेत त्यांनी दुसराच, तोंड मिटलेला फोटो छापला. हा तसाच पडून राहिला.

आमच्या घरी तिचे फोटो आहेत, पण सगळ्यांत ती कुणाच्या तरी लग्नात उभी आहे आणि मागे कुणीतरी जेवतंय. इतकं मोकळं हसताना एकही नाही. आणि जो आहे तो या लोकांनी भिंतीवर लावला होता आणि त्यावर पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'इथे कामावर येताना हसू येतं'.

ते हसू कामाचं नव्हतं. माझ्या फजितीचं होतं. मला ते त्या पानावर नको होतं. माझं म्हणणं फक्त एवढंच होतं, आणि एवढंच कुणाच्या डोक्यात शिरेना.

खरं तर मी लगेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मला बघायचं होतं, कोण ओळखतं. टॅलेंटबाई तीन वर्षं तिथे आहेत. बायको गेल्यावर कॅन्टीनमध्ये शोकसभा झाली तेव्हा त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. कंपनीच्या शोकपत्रावर त्यांची सही आहे.

"ही बाई छान आहे," टॅलेंटबाई म्हणाल्या. "एकदम खरी वाटते."

"हातमोज्यांमुळे डॉक्टर वाटते जरा," किलकिले म्हणाला. "मोजे आपण विश्वास करून टाकू. पिवळे."

"वजनांना लागतात ते मोजे," मी म्हणालो. "पांढरेच असतात. मळ दिसायला हवा."

"सर, थीममध्ये बसायला हवं ना."

छोटे साहेब म्हणाले, "ही आहे का अजून आपल्याकडे? असेल तर बोलवा. नव्या गणवेशात परत काढू."

"नाही," मी म्हणालो. "आता नाही ती."

"कधी सोडलं?" टॅलेंटबाईंनी विचारलं.

"सात महिने झाले."

"एक्झिट फॉर्म भरून घेतला होता का?"

"नाही."

"बघा, हेच होतं," त्या छोट्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "चांगली माणसं जातात आणि आपल्याकडे कारणाची नोंदसुद्धा नसते. मी तिला परतीच्या योजनेचा मेल पाठवते. नाव काय तिचं?"

तेव्हा मी सांगितलं. "माझी बायको आहे. वारली ती. तुम्ही शोकसभेला होतात."

टॅलेंटबाईंनी आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग टेबलाकडे. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि भिंतीवरचा फोटो बंद करेल. माणूस म्हणून तेवढं तर करेल.

किलकिले म्हणाला, "सॉरी, सर." मग पाच सेकंद थांबला. मी मोजले. "पण सर, मग तर ही गोष्ट आहे."

"कसली गोष्ट?"

"नवरा-बायको एकाच कंपनीत. एकोणीस वर्षं. ती गेली तरी तिचं हसू इथेच. बॅनरवर क्लिक केलं की आत तिचं पान. 'आमची माणसं' असा विभागच करू. दोनशे शब्द. तुम्हीच लिहा, सर, तुमच्याइतकं कोण लिहिणार?"

"मला फोटोच नकोय तिथे."

टॅलेंटबाई आता सावरल्या होत्या. आवाज मऊ करून म्हणाल्या, "मी समजू शकते. पण आपण सन्मानच करतोय ना? आणि तसंही, नोकरीला लागतानाच्या कागदांत संमती असते. कंपनी फोटो वापरू शकते. त्यांनी सही केली असणार."

केली होती. सगळेच करतात. मीही केली आहे.

छोट्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "असं करा, फोटो तर जातोच आहे. तुम्ही लिहून दिलंत तर सन्मानाने जाईल, नाही दिलंत तर नुसता जाईल. तुम्ही ठरवा. जबरदस्ती नाही."

याला ते जबरदस्ती म्हणत नाहीत.

संध्याकाळी घरी जाऊन लेकीला सांगितलं. तिचं शिक्षण संपलंय आणि ती पाच महिने नोकरी शोधते आहे, त्यामुळे असली पानं तिच्याइतकी कुणी बघितलेली नाहीत. मी तिला मोबाइलवर नव्या थीमचं प्रीव्ह्यू दाखवलं. ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून बघत होती.

"आई काय दिसते रे यात," ती म्हणाली. मग अंगठ्याने पान वरखाली केलं. "बाबा, हे बघितलंस का?"

मोबाइलचा पडदा अरुंद. बॅनरच्या दोन्ही बाजू कापल्या जातात, फक्त मधला भाग उरतो, आणि बटण त्याच्या बरोबर मधोमध येऊन बसतं. बटण तिच्या तोंडावर आलं होतं. वर डोळे हसताहेत आणि तोंडावर पिवळी पट्टी. चला, सोबत वाढूया.

"हे मी त्यांना सांगतो," मी म्हणालो.

"सांगशील तर बटण हलवतील. आईला नाही हलवणार."

"मग काय करू? लिहून देऊ?"

"खरं लिहितोस?"

"खरं म्हणजे?"

"म्हणजे खरं. तिसऱ्या आठवड्याचं. जाहिरातीचं. ते लिहिलंस तर तेच घाबरून काढून टाकतील, फोटोसकट."

मला तो विचार बरा वाटला. लेक मात्र दोन मिनिटांनी म्हणाली, "पण वाचतील का रे? मी एका कंपनीला अर्ज केला, पत्रात चुकून दुसऱ्याच कंपनीचं कौतुक गेलं. मुलाखतीला बोलावलं मला. वर म्हणाले, तुमचं पत्र आवडलं."

"तो अर्ज होता. हे तर ते स्वतःच्या पानावर लावणार आहेत. वाचतील ना."

"बघ बाबा. तू त्यांना जास्त ओळखतोस," ती म्हणाली. तिला उलटंच म्हणायचं होतं.

मी रविवारी बसून लिहिलं. मला लिहिण्याची सवय नाही, जाहिराती लिहितो तसंच लिहिलं. ते असं होतं:

'या तपासणी विभागात एकोणीस वर्षं होत्या. त्यांनी पास केलेला काटा कधी परत आला नाही. गेल्या वर्षी त्यांना पोटाचा आजार झाला. दवाखान्यात अकरा आठवडे होत्या. दुसऱ्या आठवड्यात कंपनीने त्यांना पत्र पाठवून कधी रुजू होणार ते विचारलं. त्यांनी माहीत नाही असं कळवलं. तिसऱ्या आठवड्यात कंपनीने त्यांच्या जागेची जाहिरात दिली. ती जाहिरात मी टाकली. मी त्यांचा नवरा आहे. यादीत पाच जागा होत्या, चौथी त्यांची होती. मंगळवारी दुपारी बारापर्यंत टाकायची पद्धत आहे म्हणून मी टाकली. त्यांनी ती दवाखान्यात वाचली. त्या म्हणाल्या, अनुभवाची अट पाच वर्षं का टाकलीत, दहा टाका, पाच वर्षांत कोपरा कळत नाही. मी दुसऱ्या दिवशी दहा केली. पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा कंपनीने त्यांना प्रशस्तिपत्र दिलं होतं. आजारपणात कंपनीकडून फुलं आली होती. हा फोटो काढताना माझ्या डोक्यावर तक्ता पडला म्हणून त्या हसल्या.'

'ती जाहिरात मी टाकली' हे वाक्य लिहायला मला सकाळ लागली. बाकी सगळं अर्ध्या तासात झालं. या लोकांना मी नावं ठेवतो, पण ती जाहिरात त्यांच्यापैकी कुणाच्या हाताने गेलेली नव्हती. मी साधं विचारलंसुद्धा नव्हतं, की बाई, ही जागा कुणाची आहे हे कळतंय का. यादी आली, टाकली. कोपऱ्यात चुकणारा काटा आमच्याकडे मीच.

सोमवारी मजकूर पानावर चढवला आणि प्रीव्ह्यू सगळ्यांना पाठवलं. आमच्याकडे पद्धत अशी की पानाची छापील प्रत फिरते आणि तिघांच्या सह्या झाल्या की ते प्रकाशित होतं. मी वाट बघत बसलो. फोन आला की काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

पहिला किलकिले आला. माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, दोन पावलं मागे गेला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"सुंदर, सर. श्वास घेतोय मजकूर. फक्त चौकटीत दोन ओळी जास्त होतात. दोन वाक्यं कमी करा."

"कोणती?"

"कोणतीही."

मी प्रशस्तिपत्राचं आणि फुलांचं काढलं. तो म्हणाला, "आता बसलं," आणि सही केली.

टॅलेंटबाईंनी प्रत हातात घेतली. मी त्यांचे डोळे बघत होतो. डोळे वरच्या ओळीवर गेले, मग कंपनीच्या बोधचिन्हावर, मग खालच्या पिवळ्या पट्टीवर. "कंपनी हा शब्द दोनदा आलाय," त्या म्हणाल्या. "छान. पण तो ठळक करा. विश्वासमध्ये." मग माझ्या हातावर हात ठेवला. "हे लिहिणं सोपं नसेल तुम्हाला." आणि सही केली.

"वाचलंत तुम्ही?" मी विचारलं.

"अहो, पोहोचलं मला," त्या म्हणाल्या.

छोट्या साहेबांनी जिन्यात सही केली, फोन कानाला लावून, प्रत भिंतीवर धरून. माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

मी जागेवर येऊन बसलो. सांगायचं तर अजूनही जाऊन सांगता आलं असतं. पण किती वेळा सांगायचं? फोटो नको हे तोंडी सांगितलं होतं, का नको ते लिहून दिलं होतं. बटण तेवढं तिच्या तोंडावरून खाली सरकवलं, कुणाला न विचारता. 'कंपनी' दोन्ही ठिकाणी पिवळं केलं. मंगळवारी दुपारी बाराला प्रकाशित केलं. जाहिराती टाकायची जी वेळ तीच.

अकरा दिवस ते पान तिथे होतं. वरच्या मजल्यावर कुणाला पत्ता नाही. खाली मात्र तिसऱ्या दिवशीच सगळ्यांनी वाचलं होतं. सकाळी गेटवरच्या पहारेकऱ्याने माझी गाडी थांबवली. तो तिला वहिनी म्हणायचा.

"वहिनींचं वाचलं, भाऊ," तो म्हणाला. "सगळं. दहा वर्षांचंही."

"हं."

"वरच्यांनी कसं काय जाऊ दिलं?"

"वाचलं नाही त्यांनी."

त्याने गेट उघडलं. "तरीच," म्हणाला.

त्याच आठवड्यात तपासणीतली नवी बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बायकोच्या जागी आलेली. चाळिशीची असेल. हातमोजे काढून हातात धरले होते. आत या म्हटलं तर आली नाही.

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. मी जाहिरात बघितली तेव्हा त्या होत्या, हे कुणी सांगितलं नाही मला."

"तुमचा काय दोष त्यात."

"एक सांगू का? दहा वर्षं वाचून मी अर्ज केला. त्याआधी दोन ठिकाणी पाच वर्षं लिहिलेलं बघितलं होतं, तिथे केला नव्हता. म्हटलं, यांना काम कळत नाही. इथे दहा वाचलं, म्हटलं, इथे कुणीतरी जाणती बाई आहे."

ती मोजे परत हातात चढवत गेली. मी दार लावून घेतलं आणि बराच वेळ काही काम केलं नाही. त्या पिवळ्या पानाने एवढं एकच काम माझ्यासाठी केलं, आणि तेही पिवळ्याने नाही.

बाराव्या दिवशी टॅलेंटबाई जवळजवळ धावतच खाली आल्या. हिशेब विभागासाठी मुलाखत चालू होती. उमेदवाराला त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आमच्याबद्दल काही विचारायचंय का. तो म्हणाला, हो, इथे माणूस आजारी पडला तर त्याची जागा किती आठवडे ठेवता? दोन की तीन? त्यांनी विचारलं, असं का विचारता? तो म्हणाला, तुमच्याच पानावर लिहिलंय.

"काय लिहिलंय?" त्या माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या. "काय लिहिलंय तिथे?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, ओठ हलवत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा परत वर गेल्या. मध्ये एका ठिकाणी थांबल्या, आणि मला वाटतं, तेवढं एक क्षणभर त्यांना खरंच काहीतरी झालं. पण त्या सावरायला पटाईत आहेत.

"हे कोणी मान्य केलं?"

मी सह्यांची प्रत खणातून काढून पुढे ठेवली.

"तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं."

"लिहून दिलं होतं."

"लिहून नाही हो, तोंडी सांगायचं. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी कुणी लिहून देतं का?"

मी प्रत परत खणात ठेवली.

"कंपनी शब्द वर पिवळासुद्धा केलाय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलंत."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "काढा. आत्ताच्या आत्ता."

"मजकूर की फोटोसकट?"

"सगळं काढा. फोटो, पान, विभाग, सगळं. आणि तो फोटो भांडारातूनही काढून टाका, उद्या कुणीतरी परत लावेल."

"संमती आहे ना पण? सही केलेली?"

"काढा म्हटलं ना."

मी त्यांच्यादेखत काढलं. आधी पान, मग बॅनर, मग भांडारातली मूळ प्रत. प्रत्येक वेळी यंत्र विचारत होतं, नक्की काढायचं का, आणि प्रत्येक वेळी मी बाईंकडे बघत होतो आणि त्या मान हलवत होत्या. तिची नक्कल मी आदल्या आठवड्यातच घरी नेली होती. लेकीने ती छापून आणून दारामागच्या भिंतीला चिकटवली आहे, चौकट वगैरे काही नाही.

पान परत नुसतं पिवळं झालं. माथ्यावर फोटोची जागा रिकामी, आणि खाली पांढऱ्या अक्षरांचं बटण, जे निरखून बघितलं तर दिसतं.

टॅलेंटबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांना आता बरं वाटत होतं. रिकाम्या जागेकडे त्यांनी जरा वेळ बघितलं.

"इथे आता कुणाचा टाकायचा? दुपारपर्यंत काहीतरी लागेल."

"तुमचा टाका," मी म्हणालो.

मी टोमणा मारला होता. त्यांनी कानामागे केस सारले, काळ्या पडलेल्या दुसऱ्या स्क्रीनमध्ये स्वतःला बघून घेतलं, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"बटण कुठे येईल पण?" त्यांनी विचारलं.